पोचल्याचा मिस कॉल

१

आमच्या घरी मिस कॉलची एक पद्धत होती. एक रिंग देऊन कट केलं, की "पोचले, ठीक आहे." लागोपाठ दोनदा दिला, की "फोन कर, बोलायचं आहे." कोमल नर्सिंग शिकायला लागली तेव्हापासून हे चालू होतं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना फोन वाजून गप्प झाला, की मी हातातली काडी न विझवता म्हणायची, "पोचली बाई."

दोन हजार दहा साली कोमलला मस्कतच्या एका इस्पितळात नोकरी लागली. तिथे गेल्यावर तिथलंच सिम घ्यायचं ठरलं होतं, कारण इथल्या नंबरावर तिकडून बोलणं परवडणारं नव्हतं. जुना फोन ती सिमसकट घरीच ठेवून गेली. निघायच्या आधी तिने स्वतःच्या हाताने तो बंद केला आणि तिच्या खोलीतल्या कपाटात कपड्यांवर ठेवला. मला म्हणाली, "आई, मधूनमधून चालू करून रिचार्ज मारत जा हं. नाहीतर कंपनी नंबर दुसऱ्याला देऊन टाकते."

"आणि तुझ्या जुन्या मित्रमैत्रिणींचे फोन आले तर?"

"सांग, कोमल मोठी बाई झाली. आता फक्त मंगळवारी भेटते."

माझे गुडघे दुखतात म्हणून विमानतळावर हेच तिला सोडायला गेले. मी दारात उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत राहिले. घरात आले तर सगळा पसारा होता. ओटीचे तांदूळ सांडले होते, नव्या कपड्यांची लेबलं होती, विंचरताना पडलेले तिचे केस होते. मी काहीच उचललं नाही. आमच्याकडे माणूस लांबच्या प्रवासाला निघालं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत घराचा केर काढत नाहीत. माझ्या सासूबाई म्हणायच्या, केराबरोबर माणसाची वाटही झाडली जाते. मी फार मानणारी नाही, पण पोटच्या पोरीच्या बाबतीत कोण उगाच परीक्षा बघेल?

दिवेलागणीच्या जरा आधी फोन वाजला. एक रिंग. स्क्रीनवर नाव होतं, "कोमल".

मला इतकं हायसं वाटलं, की मी पुढचा विचारच केला नाही. झाडू घेतला आणि घर लख्ख केलं. केर सुपलीत भरून खाली कचऱ्याच्या पिंपात टाकून आले.

हे परत आले तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. "पोचली ना?" मी म्हटलं.

"कसली पोचते? इमान लेट हाय. आतमधी बसलीय पोर आजून. मला बगून काचंतनं हात केलान्."

"पण तिचा मिस कॉल आला."

यांनी पायातल्या चपला काढता काढता माझ्याकडे पाहिलं. "कुठनं आला? तिचा फोन तर हितं ठेवलाय ना तिनं?"

२

फोन कपाटातच होता. बंद. मी चालू केला, तर त्यातून फोन केल्याची काहीच खूण नव्हती. माझ्या फोनवर मात्र तिचं नाव स्पष्ट होतं. हे म्हणाले, "मशीन हाय ते. कदी जुनंच दाकवतं."

दुसऱ्या दिवशी कोमलचा फोन आला, तिच्या खोलीतल्या केरळच्या मुलीच्या नंबरावरून. पोचली होती, बरी होती. तिकडे सिम लगेच मिळत नाही म्हणाली. आधी राहण्याचं कार्ड व्हायला हवं, ते इस्पितळ करून देणार, मग त्यावर सिम. तोवर असाच कोणाचा तरी फोन मागायचा. "आई, सारखं मागायला लाज वाटते गं. मी आठवड्यातून एकदा करेन. काळजी करू नकोस."

मी कशाला काळजी करू? दिवेलागणीला रोज तिचा मिस कॉल येत होता. जुन्या नंबरावरून. एक रिंग. "पोचले, ठीक आहे."

एकदा कपाटातला फोन घेऊन मी प्रितमच्या दुकानात गेले. तो बाजारात मोबाइल विकतो, दुरुस्तही करतो, पोरगा हुशार आहे. त्याने सिम काढलं, दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं, स्वतःच्या फोनवरून रिंग दिली. ते त्याच्या हातात वाजलं.

"काकू, सिम एकदम ओके आहे. नंबर दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. हे बघा, वाजतंय ना?"

"मग फोन बंद असताना त्यावरून मिस कॉल कसा येईल?"

"बंद असताना येणारच नाही." तो हसला. "काका करत असतील हो. तुम्ही झोपेत असाल तेव्हा चालू करत असतील. काका गप्प बसतात, पण आतून फार चालू आहेत."

मीही हसले. सिम परत जुन्या फोनमध्ये घालून घेतलं आणि त्या संध्याकाळी फोनची बॅटरी काढून, दोन्ही वस्तू वेगळ्या करून, कपाटात ठेवल्या. यांची त्या दिवशी दुसरी पाळी होती. ते तळोज्याला कारखान्यात होते.

दिवा लावला आणि फोन वाजला. एक रिंग.

मग मी ते केलं, जे आम्ही घरी नेहमी करायचो. उलट एक मिस कॉल दिला. "कळलं. मीही ठीक आहे."

३

कमळाबाई मावरं घेऊन दुपारची येते. करंज्याची कोळीण आहे, जुनी ओळख. जिने चढायला नको म्हणून खालूनच हाक मारते आणि मी टोपलं बघायला उतरते. त्या दिवशी मी उतरले तर ती मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत होती.

"पोर आली वाटतं परत?" ती म्हणाली.

"कोण?"

"कोमल, आनिक कोन? खिडकीत उबी व्हती आत्ता. मी म्हनलं, गो बय, आईला सांग बोंबील ताजे हायत. तर नुसती बगते माज्याकडं. तिकडं जाऊन शिष्ट झाली काय?"

"कमळाबाई, ती मस्कतला आहे."

"आगो, माजे डोले काय फुटले? केस मोकले सोडलेले. तुज्या घरात तुलाच ठावं नाय?" ती हसत हसत वाटे मांडू लागली. मग माझा चेहरा बघून थांबली. "पडदा आसंल गो," ती हळूच म्हणाली. "ऊन हाय. ऊनात काय बी दिसतं."

कोमलच्या खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. तो मी धुवायला काढला होता.

वर आले. खोलीचं दार जसं ठेवलं होतं तसंच अर्धं लोटलेलं होतं. आत कोणी नव्हतं. पलंग, टेबल, कपाट. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "कोणी नाही." बंद घराला वास येतो तसा वास त्या खोलीला यायला हवा होता. येत नव्हता. नुकतंच कोणी न्हाऊन केस पुसत बसल्यासारखी ती खोली ओलसर, उबदार होती.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

४

पुढे एकदा दिवेलागणीला दोन मिस कॉल आले. लागोपाठ. "फोन कर, बोलायचं आहे."

मी कितीतरी वेळ देवापुढे बसून राहिले. मन म्हणत होतं, प्रितमला काय कळतं, नंबर कोणाला तरी दिला असेल, एखादी अनोळखी मुलगी असेल. लावून बघावं आणि सांगावं, बाई गं, चुकून लागतोय तुझा फोन. म्हणून लावला.

पलीकडून उचलला. आधी काहीच बोलणं नाही. नुसते आवाज. पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेरीला किंचित खट वाजत होता. लांब कुठेतरी नळ ठिबकत होता. मग माझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि तीच शिट्टी फोनमध्येही झाली, जरा मागून, भिंतीपलीकडून ऐकू यावी तशी.

"आई," फोनमधून आवाज आला.

तिचाच आवाज. मी कशी चुकेन?

"जेवलीस?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"नाही. आई, गावी गव्हाणच्या घरामागे चिंच होती ना, तिच्याखाली मी एकदा झोपून गेले होते आणि तू सगळ्या गावात शोधत होतीस. तू अनवाणी होतीस. तुझ्या टाचेतून रक्त येत होतं."

ते मीसुद्धा विसरले होते. मला रडू आलं. मी रडत रडत बोलत राहिले आणि ती सांगत राहिली. शाळेतल्या डब्यातली भेंडी, गोवर आला तेव्हा मी अंगावर फिरवलेला कडुलिंबाचा पाला, गणपतीत तिने मुद्दाम लपवलेला एक मोदक. मस्कतचं एक अक्षर नाही. ती फक्त घराचंच बोलायची.

मी खोलीत जाऊन बघितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. फोनवर आवाज येत होता तोवर बघायची गरज काय होती? रोज संध्याकाळी मी हॉलमध्ये खुर्चीवर बसायची, दाराकडे पाठ करून. यांना सांगितलं नाही. वाटलं, हे माझ्याकडून काढून घेतील.

५

कोमलला तिकडे स्वतःचं सिम मिळालं. नव्या नंबरावरून तिचा पहिला फोन आला तेव्हा मी आनंदाने गव्हाणचा विषय काढला. "काल मला ती चिंच आठवली गं, तू झोपून गेली होतीस ती."

"कुठली चिंच?"

"आपल्या गव्हाणच्या घरामागची."

"आई, गव्हाण कुठे आलं?"

मला वाटलं, थट्टा करते. पण पुढच्या वेळी तिला तिची शाळा आठवेना. मग गोवर. एकदा तिने घाबरत विचारलं, "आपल्याकडे गणपती बसतो का गं?" मी उत्तर दिलं आणि फोन ठेवला. आदल्या संध्याकाळी त्या दुसऱ्या फोनवर गणपतीचंच बोलणं झालं होतं. त्याच्या आधी गोवराचं. त्याच्या आधी चिंचेचं.

मी स्वतःला समजावलं. परका देश, रात्रपाळ्या, पोर दमली आहे. योगायोग आहे. पण त्या संध्याकाळी दोन मिस कॉल आले आणि मी फोन लावलाच. फक्त एकदाच, असं मनाशी म्हणून लावला. ती मला तिच्या बाबांबद्दल सांगत होती. ते कारखान्यातून आले की कपड्यांना कसा वास यायचा, ती नाक दाबून त्यांच्या गळ्यात कशी पडायची.

दुसऱ्या दिवशी मस्कतहून केरळच्या त्या मुलीने फोन केला. मोडक्या हिंदीत म्हणाली, "आंटी, कोमल जिन्यात बसून होती. वॉर्डात एका पेशंटला इंजेक्शन द्यायचं होतं, तर सिरिंज हातात धरून तशीच उभी राहिली. सिस्टरने तिला बाहेर काढलं. आता ड्युटी देत नाहीत. डॉक्टर म्हणतात, घरची आठवण येते म्हणून असं होतं."

कोमलने फोन घेतला. "आई," ती म्हणाली, "बाबांचं नाव काय गं? मला सांग ना. मी कोणाला सांगणार नाही विसरले म्हणून."

६

मग मी यांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. उठले, कपाटातल्या फोनमधून सिम काढलं, दातांत धरून वाकवलं, दोन तुकडे केले आणि खाडीच्या पुलावर जाऊन टाकून आले.

संध्याकाळी फोन वाजला. स्क्रीनवर "कोमल". एक रिंग, आणि लगेच दुसरी.

यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः लावला. कानाला धरला. मी त्यांचा चेहरा बघत होते. कारखान्यात भट्टी फुटली होती तेव्हाही या माणसाचा चेहरा असा झाला नव्हता. त्यांनी फोन कट केला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हनली, बाबा, कपडे बदलू नका, तसेच या."

"अहो, आपण गव्हाणला जाऊन राहू या का काही दिवस?"

"आनि हितं तिला एकटीला ठेवायची?" ते बोलून गेले, आणि मग स्वतःच दचकले. दोघंही दचकलो. त्यानंतर ते बाजारातून एक कडी घेऊन आले आणि कोमलच्या खोलीच्या दाराला बाहेरून लावली. "आता उचलायचा नाय," ते म्हणाले. "किती बी वाजूंदे. आपली पोर तिकडं हाय. ही कोन हाय ते मला ठावं नाय, मला ठावं करून घ्यायचं बी नाय."

माझा फोन बंद ठेवता येत नव्हता, कारण खरा फोन त्याच्यावरच यायचा. म्हणून तो वाजायचा. दोन दोन रिंग, पुन्हा दोन दोन रिंग. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसायची.

आणि तिकडे कोमल सुधारू लागली. एका आठवड्यात तिला बाबांचं नाव आठवलं, मग शाळा. एकदा म्हणाली, "आई, मला एक मोठं झाड आठवतंय, कुठलं ते कळत नाही." तिला परत ड्युटी मिळाली, साधीच, ओपीडीत तापमान बघायची. ती जसजशी परत येत होती तसतशी खोलीतली बारीक होत चालली होती. दारापलीकडून येणारा पंख्याचा खट आवाज थांबला. दाराच्या फटीतून जाणवणारी ऊब गेली. मग मिस कॉलही बंद झाले.

मला वाटलं, संपलं.

७

त्यानंतर ती दुपार आली. हे पहिल्या पाळीला गेले होते. मी हॉलमध्ये डाळ निवडत होते. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला आणि त्याच्यानंतर सगळं शांत झालं. त्या शांततेत दाराच्या पलीकडून आवाज आला. फोनवरून नाही. दारातून.

"आई."

मी हललेसुद्धा नाही.

"आई, मला आता काहीच आठवत नाही. तू सांग ना. एवढंसं काहीतरी सांग."

आवाज लहान झाला होता. पाच-सहा वर्षांच्या पोरीचा. मी उठले, दारापाशी गेले आणि कडीवर हात ठेवला. मला उघडायची होती की घट्ट धरायची होती, हे मला आजही सांगता येणार नाही. आत कोणीतरी हळूहळू रडत होतं. रागावल्यावर उशीत तोंड खुपसून कोमल रडायची तसं. त्या रडण्याला मी या जन्मात कधी दार लावलं नव्हतं.

मी खाली बसले. पाठ दाराला टेकवली. लाकूड माझ्या पाठीवर किंचित दबत होतं, पलीकडूनही कोणी पाठ टेकवून बसल्यासारखं. मग मी वळून बघितलं.

दाराखालच्या फटीतून बोटं बाहेर आली होती. चार बोटं, तळवा वर करून, जमिनीवर ठेवलेली. ओढत नव्हती, चाचपडत नव्हती. काहीतरी हातावर ठेवलं जाईल म्हणून वाट बघत होती. बोटांच्या टोकांना नखं नव्हती. मी नीट बघितलं. नखं पडलेली नव्हती. ती कशी असतात हे विसरल्यासारखी बोटांची टोकं नुसती गुळगुळीत होती.

तेवढ्यात फोन वाजला. मस्कतचा नंबर.

"आई!" कोमल जवळजवळ ओरडलीच. "आई, आठवलं मला. चिंच! गव्हाणची चिंच. तू अनवाणी पळत आली होतीस ना मला शोधत? तुझ्या पायाला लागलं होतं. सकाळी बेड लावताना एकदम आठवलं, मी इतकी रडले, सगळ्या हसायला लागल्या मला. आई? ऐकतेस ना?"

"ऐकते आहे बाळा."

"आज मला वॉर्डात परत घेतलं. सिस्टर म्हणाली, आता तू पहिल्यासारखी दिसतेस." ती थांबली. "आई, मागे कोण रडतंय गं?"

दाराखालची बोटं थोडी पुढे आली. माझ्या पदराच्या टोकापर्यंत.

"कोणी नाही," मी म्हटलं. "टीव्ही लागलाय."

"लहान मूल रडतंय. बंद कर ना. कसंतरीच होतंय मला ऐकून. डोकं दुखायला लागलं."

मी पदर ओढून घेतला. त्या बोटांकडे बघत, दारापलीकडे नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हटलं, "बंद केला."

रडणं तिथेच थांबलं. एक हुंदका अर्धा राहिला होता, तोही आत गिळला गेला. पाहुण्यांसमोर मी डोळे वटारले की माझी कोमल अशीच गप्प व्हायची, एका क्षणात, शहाण्यासारखी. मग ती बोटं मिटली आणि एकेक करून फटीतून आत गेली.

"हां, आता कसा स्पष्ट येतोय आवाज," कोमल म्हणाली. "बोल आई. काय करत होतीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "डाळ निवडत होते."